दुभंगलेल्या टाळूशी संबंधित वाचादोष

टाळूच्या जन्मजात फटीमुळे, अथवा ती शस्त्रक्रियेने सांधल्यानंतरही उरणाऱ्या उणिवेमुळे, उच्चारात आणि आवाजाच्या नादात जे दोष निर्माण होतात, त्यांना दुभंगलेल्या टाळूशी संबंधित वाचादोष म्हणतात. व्यवहारात अशा बोलण्यास 'गेंगाणे' म्हटले जाते. मात्र गेंगाणेपणा हा या दोषांपैकी केवळ एक होय. ओठ किंवा टाळू दुभंगलेले मूल जगात सुमारे ७०० जन्मांमागे एक या प्रमाणात जन्मास येते. केवळ ओठ दुभंगलेला असल्यास वाचेवर होणारा परिणाम सहसा अल्प असतो.

गर्भाची टाळू साधारणतः ६ व्या ते १२ व्या आठवड्यांत घडते. दोन्ही बाजूंचे भाग मध्यरेषेवर जुळले नाहीत, तर फट राहते. यामागे आनुवंशिक व परिस्थितिजन्य अशी अनेक कारणे असतात. ग्रहणकाळात गर्भवतीने काही चिरल्यास असे मूल जन्मते, ही महाराष्ट्रात रूढ असलेली समजूत निराधार आहे. तिच्यामुळे आईच्या माथी विनाकारण दोष येतो.

उच्चार कसा बिघडतो

बोलताना मृदू टाळू वर उचलली जाऊन घशाच्या मागील भिंतीला टेकते आणि नाकाकडे जाणारी वाट बंद होते. म, न, ङ यांसारख्या अनुनासिकांच्या वेळी तेवढी ही वाट उघडी राहते. दुभंगलेल्या टाळूत तिला उचलणारे स्नायू आडवे न जुळता पुढे-मागे असे जोडलेले असतात, त्यामुळे झडप पुरती मिटत नाही. मराठी वर्णमालेची रचना ध्यानात घेतल्यास परिणाम सहज कळतो. प्रत्येक वर्गातील पहिली चार व्यंजने तोंडात हवा कोंडून उच्चारावी लागतात, पाचवे नाकातून येते. झडप उघडी राहिली, की पहिली चार पाचव्याकडे झुकतात. 'बाबा' हा शब्द 'मामा'सारखा ऐकू येतो, 'दादा' हा 'नाना'सारखा. स, श यांच्या वेळी नाकातून हवेचा फुसकारा निघतो. ई आणि ऊ हे स्वर विशेष सानुनासिक वाटतात.

याहून वेगळा असा दुसरा प्रकार म्हणजे भरपाईचे उच्चार. तोंडात हवा टिकत नाही, म्हणून मूल ती आणखी खाली, कंठात किंवा घशात, अडवावयास शिकते. 'क' किंवा 'प' यांच्या जागी कंठात बसलेला झटका ऐकू येतो. ही सवय एकदा जडली, की टाळू उत्तम सांधली तरी आपोआप सुटत नाही. उपचाराची दिशा ठरविताना हा भेद सर्वांत महत्त्वाचा असतो, कारण पहिला दोष रचनेचा आहे आणि दुसरा शिकलेल्या सवयीचा.

निदान

निदानाचे मुख्य साधन म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञाचा सराव झालेला कान. 'बाबा पाटावर बसले' यांसारखी, एकही अनुनासिक नसलेली वाक्ये मुलाकडून म्हणवून घेतली जातात. एकसष्टपासून अडुसष्टपर्यंतचे आकडेही यासाठी सोयीचे आहेत; त्यांत अनुनासिक नाही आणि 'स' वारंवार येतो. नाकाखाली धरलेला छोटा आरसा अशा वेळी धुरकट झाला, तर हवा नाकातून निसटते असे समजते. झडपेची प्रत्यक्ष हालचाल पाहण्यासाठी नाकातून लवचीक दुर्बीण घालतात किंवा बोलत असतानाचे क्ष-किरण चलच्चित्र घेतात.

काही मुलांत टाळूवरचे आवरण अखंड असते, पण आतील स्नायू दुभंगलेले असतात. दुभंगलेली पडजीभ ही त्याची एक खूण होय. हा दोष वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही. मुलाची 'जीभ जड आहे' असे म्हणून गरज नसताना जिभेखालील पडदाही कापला जातो. अशा मुलाच्या नाकामागील वाढलेल्या ग्रंथी काढल्यास गेंगाणेपणा अधिक उघड होऊ शकतो, म्हणून ती शस्त्रक्रिया करण्यापूर्वी टाळूची तपासणी आवश्यक ठरते. टाळू दुभंगलेल्या मुलांच्या मध्यकर्णात द्रव साचण्याचे प्रमाण मोठे असल्याने श्रवणचाचणीही करावी लागते.

उपचार

टाळू सांधण्याची पहिली शस्त्रक्रिया बहुतेक ठिकाणी मूल ९ ते १८ महिन्यांचे असताना होते. केवळ टाळू दुभंगलेल्या ५५८ बालकांवर युरोप व दक्षिण अमेरिकेत झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वयाच्या ५ व्या वर्षी झडप अपुरी राहण्याचे प्रमाण ६ व्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्यांत ८.९ टक्के, तर १२ व्या महिन्यात झालेल्यांत १५ टक्के आढळले. अर्थात इतक्या लहान बाळाला भूल देण्यासाठी तशी सोय व अनुभवी पथक हवे.

फट बुजली म्हणजे उपचार संपला, असे समजून अनेक कुटुंबे पुढील तपासणीस येत नाहीत आणि मूल चुकीच्या उच्चारांसह शाळेत दाखल होते. त्याचे बोलणे न कळल्याने ते मंदबुद्धी समजले जाते. वस्तुतः या दोषाचा बुद्धीशी थेट संबंध नसतो.

भरपाईचे उच्चार वाचोपचाराने सुधारतात. ध्वनीची योग्य जागा मुलाला दाखवून आधी सुटा ध्वनी, मग अक्षर, शब्द आणि वाक्य असा क्रम धरला जातो. घरी रोज थोडा सराव लागतो. फुगे फुगविणे, मेणबत्ती विझविणे, शंख फुंकणे हे व्यायाम आजही सुचविले जातात, परंतु त्यांनी बोलणे सुधारत नाही. फुंकताना होणारी झडपेची हालचाल बोलतानाच्या हालचालीहून निराळी असते.

झडपच अपुरी असेल, तर कितीही सराव केला तरी ती मिटत नाही. तेव्हा टाळू लांबविण्याची किंवा घशाच्या भिंतीचा पदर टाळूला जोडण्याची दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. ती शक्य नसल्यास दंतवैद्याकडून बोलण्यास साहाय्यक असे काढघालीचे उपकरण बनवून घेता येते.

भारतात २०१३ पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ व टाळू यांचा जन्मजात दोषांच्या यादीत समावेश असून, त्याअंतर्गत अंगणवाडी व शासकीय शाळांतील मुलांची तपासणी होते. वाचा व श्रवण या क्षेत्रातील तज्ज्ञ घडविणाऱ्या संस्थांपैकी मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि मैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था या प्रमुख होत.