घराण्यातली साखर आणि कढईतले तेल

‘आमच्या घराण्यातच साखर आहे’ हे वाक्य आता वस्तीवस्तीत ऐकू येते. एकेकाळी मधुमेह हे बंगल्यातल्या माणसांचे दुखणे समजले जाई. आज तसे म्हणता येणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा १५ राज्यांपुरता भाग २०१७ साली प्रसिद्ध झाला. अधिक सुस्थितीतील राज्यांच्या शहरी भागांत मधुमेहाचे प्रमाण श्रीमंतांपेक्षा गरिबांत जास्त आहे, असे त्यात आढळले. २०२३ साली आलेल्या देशव्यापी आकड्यांनुसार सुमारे १० कोटी १० लाख भारतीयांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

आई किंवा वडील मधुमेही असतील तर मुलांना धोका दुपटी-तिपटीने वाढतो, हे खरे. परंतु यातून लोक जो निष्कर्ष काढतात तो घातक आहे. ‘रक्तातच आहे, मग टाळणार कसे?’ जन्माने सारे ठरते हा विचार आपण समाजाच्या बाबतीत नाकारला. शरीराच्या बाबतीत तरी तो तपासल्याशिवाय का स्वीकारावा? तो तपासायचा तर साखरेइतकेच तेलातुपाकडेही पाहावे लागेल.

जेवणानंतर रक्तात साखर वाढते. स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटते आणि त्याच्या सांगण्यावरून स्नायू ही साखर आत घेतात. जेवणातून आलेल्या साखरेचा मोठा ग्राहक म्हणजे आपले स्नायूच. आता याच स्नायूंच्या पेशींत मेद साचू लागला तर काय होते? फिलिप रँडल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६३ साली सहकाऱ्यांसह असे मांडले की, पेशी मेदाम्ले जाळू लागली की तिचे साखर जाळणे मंदावते. पुढील संशोधनाने आणखी एक गोष्ट दाखवली. पेशीत साचलेल्या मेदापासून तयार होणारे काही घटक इन्सुलिनचा निरोपच आत पोहोचू देत नाहीत. साखर दाराबाहेर ताटकळते आणि स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्सुलिन तयार करावे लागते. वर्षानुवर्षे असे चालले की ते थकते आणि मधुमेह उघड होतो.

येथेच घराण्याचा संबंध येतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात मधुमेही आईवडिलांच्या तरुण मुलांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. ही मुले सडपातळ होती, त्यांना मधुमेह नव्हता, परंतु त्यांचे शरीर इन्सुलिनला दाद देत नव्हते. त्यांच्या स्नायूंच्या पेशींत इतरांपेक्षा सुमारे ८० टक्के जास्त मेद साचला होता आणि इंधन जाळण्याची पेशींची क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी कमी होती. म्हणजे रोग दिसण्याच्या कितीतरी आधी पेशीत अडचण सुरू झालेली असते. एकाच कढईतले तेल दोन माणसांच्या शरीरात सारखेच वागेल असे नाही. ‘मी बारीक आहे, मला काय होणार’ या भ्रमातही राहू नये.

वारसा केवळ जनुकांचा नसतो, हेही समजून घेतले पाहिजे. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून गरोदर स्त्रिया व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. ही मुले लहानखुरी होती, त्यांचे स्नायू कमी होते, परंतु त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. साखर खपवणारे स्नायू कमी आणि चरबी जास्त, अशा घडणीचे शरीर पुढे मधुमेहाकडे लवकर झुकते. दिवसभर राबून सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईचे रिकामे ताट पुढच्या पिढीच्या शरीरात असे उतरते. याला नशीब म्हणायचे की व्यवस्था?

आता प्रश्न असा की, सर्वच स्निग्ध पदार्थ सारखे अपायकारक आहेत काय? नाहीत. स्वीडनमधील उप्साला येथे ३९ तरुण माणसांना सात आठवडे रोजच्या आहाराशिवाय जादा केक खायला दिले; काहींना पामतेलातले, काहींना सूर्यफूल तेलातले. २०१४ साली आलेला निष्कर्ष असा की, वजन दोन्ही गटांत सारखेच वाढले, परंतु यकृतातील आणि पोटातील चरबी पामतेलाच्या गटात अधिक वाढली. संपृक्त मेदाम्ले यकृतात अधिक साचतात, हे यातून दिसते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या १६२ जणांवरील दुसऱ्या अभ्यासात संपृक्त मेदाऐवजी असंपृक्त मेद दिल्यावर इन्सुलिनचे काम सुधारले. मात्र ज्यांच्या आहारातील ३७ टक्क्यांहून अधिक उष्मांक मेदातून येत होते, त्यांना हा फायदा मिळाला नाही. तेव्हा प्रकारही महत्त्वाचा आणि प्रमाणही.

हे आपल्या स्वयंपाकघराला लावून पाहू. पामतेलातील जवळजवळ निम्मी मेदाम्ले संपृक्त असतात. शेंगदाणा तेलात हे प्रमाण पाचव्या हिश्श्याहून कमी, करडईच्या तेलात सुमारे दहावा हिस्सा. साजूक तुपात ते निम्म्याहून अधिक असते. तुपाला लोकांनी पावित्र्य दिले म्हणून ते कमी होत नाही. वनस्पती तुपातील ट्रान्स मेद तर याहून वाईट. त्यावर सरकारने २ टक्क्यांची मर्यादा घातली ती २०२२ च्या जानेवारीपासून. पोहे खायच्या एका मोठ्या चमच्याइतके, म्हणजे १५ मिलिलिटर, कोणतेही तेल घेतले तरी त्यात सुमारे १२० उष्मांक असतात. हे विसरून ‘चांगले’ तेल सढळ हाताने ओतणे व्यर्थ आहे.

आपल्या आधीच्या पिढ्यांच्या घरात तेलाची लहानशी बाटली आठवडाभर पुरवावी लागे. त्या दारिद्र्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु ज्वारीची भाकरी, जवसाची आणि कारळाची चटणी, करडईचे तेल हे मागासलेपणाचे लक्षण मानून टाकून देण्याचेही कारण नाही. त्या जागी नाक्यावरचे वडे आणि पाकिटातले फरसाण आले. पाम तेल स्वस्त म्हणून तेथे तेच वापरले जाते. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने शिधापत्रिकेवर १०० रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल होते. गरिबाच्या ताटात कोणता मेद पडावा हे बरेचदा गरीब ठरवत नाही.

म्हणून काम दोन पातळ्यांवर करावे लागेल. ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी तिशी ओलांडताच सरकारी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे आणि कंबर मोजावी. पुरुषाची ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली तर सावध व्हावे. तळण कमी करावे, साखर कमी करावी, रोज चालावे. उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एवढ्याच साध्या बदलांनी मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. घराणे तेच होते, तरीही घटला. दुसरे काम एकट्यादुकट्याचे नाही. शिधावाटप दुकानात, वसतिगृहाच्या भटारखान्यात आणि शाळेच्या खिचडीत कोणते तेल येते, गरोदर बाईच्या ताटात काय पडते, हे विचारणे हे चळवळीचे काम आहे. भाकरीचा प्रश्न आपण मांडला. भाकरीबरोबर काय मिळते, तोही मांडला पाहिजे.