झाड, पण लोळणारं!

झाड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? खोड, फांद्या, उंच शेंडा. हो ना? पण दोस्तांनो, एक झाड असं आहे, की ते उभं राहतच नाही. जमिनीवर अंग टाकून मस्त लोळत असतं! त्याचं नाव आडवा जुनिपर.

जुनिपर हा पाइन-देवदारासारखाच सूचिपर्णी. त्यातला हा आडवा प्रकार कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात खडकाळ, रेताड जागी, समुद्रकाठच्या कड्यांवर आपोआप उगवतो. तिथं वारा सोसाट्याचा, थंडी कडाक्याची. जमिनीलगत राहिलं की वारा कमी लागतो आणि वरून बर्फाचं पांघरूण मिळतं.

१९१४ साली अमेरिकेच्या मेन राज्यातल्या व्हिनलहेव्हन बेटावर याचं एक निळसर, अगदी चपटं झाड सापडलं. त्याची छाटं लावून रोपं केली. बागेत तसा वारा नसला तरी ती आडवीच वाढली, कारण तो त्यांचा मूळ स्वभाव! आज त्यांना 'ब्लू रग', म्हणजे निळा गालिचा म्हणतात. उंची जेमतेम १५ सेंटिमीटर, पसारा मात्र दोन मीटरच्या आसपास. हिवाळ्यातही हा गालिचा झडत नाही, फक्त थोडा जांभळट होतो.

तिकडे हे झाड उतारावर लावतात. का बरं? उघड्या उतारावर पावसाचे थेंब आपटले की माती सुटते आणि वाहून जाते. जुनिपरच्या दाट फांद्या हा मारा झेलतात आणि मुळं माती धरून ठेवतात.

मात्र धीर हवा. रोप वीतभर आणि दोन रोपांत अंतर दीड मीटर! बाग ओकीबोकी दिसते. मग काहीजण घाईनं मध्ये आणखी रोपं खुपसतात. पुढं दाटी होते, उजेड न मिळालेल्या फांद्या वाळतात. कापावं तर पानं नसलेल्या जुन्या फांदीला पुन्हा पालवी फुटत नाही. म्हणून जाणते माळी मोकळ्या जागेत झाडांच्या सालींचं आच्छादन घालतात आणि थांबतात. ऊन भरपूर, पाणी बेताचं. बुडाशी पाणी साचलं तर मुळं कुजतात.

म्हणजे कोकणातल्या मुसळधार पावसात याचं कठीणच! पण माती धरून ठेवणारी आपली हरळी आहे ना? पावसात हरळीच्या उतारावरून आणि उघड्या उतारावरून येणारं पाणी दोन ग्लासांत भरा. कुठलं जास्त गढूळ? आई-बाबांनाही दाखवा.