नखाची बुरशी आणि आजीबाईचा बटवा

बेळगाव-खानापूर भागातला पावसाळा म्हणजे चिखल, भातलावणी आणि चार-चार दिवस न वाळणाऱ्या चपला. या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. आपल्याकडच्या कन्नड घरांत त्यांना 'केसरु हुण्णु' म्हणतात. मेंदी किंवा हळद-तेल लावलं, पाय कोरडे ठेवले की त्या बहुधा बऱ्या होतात. नखाचं दुखणं मात्र वेगळं, हे मला माझ्या सासूबाईंच्या अंगठ्याने शिकवलं.

त्यांच्या पायाच्या अंगठ्याचं नख आधी पिवळं पडलं, मग जाड झालं आणि कडेने भुसा पडू लागला. दुखत नव्हतं, म्हणून आम्ही सगळ्यांनीच दुर्लक्ष केलं. शेजारच्या अक्का म्हणाल्या, "बेविन एण्णी हच्च्री." कडुनिंबाचं तेल सुरू झालं. महिनाभरात फरक दिसेना, तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून आईंनी लसूण वाटून रात्रभर बांधून ठेवली. सकाळी फडकं सोडलं तर अंगठ्याला मोठा फोड! त्यांना जुना मधुमेह आहे, पायाची संवेदना कमी झालेली. कातडी भाजली तरी त्यांना कळलं नव्हतं. ती जखम भरायला तीन आठवडे लागले आणि तेवढे दिवस आमच्या जिवात जीव नव्हता.

त्वचारोगतज्ज्ञांनी मग नीट समजावलं. कडुनिंब, लसूण, हळद, मेंदी यांत बुरशीला रोखणारे गुण आहेत, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण बुरशी असते नखाच्या आत आणि खाली, आणि वरून लावलेलं तेल त्या कठीण कवचातून फारसं उतरत नाही. शिवाय पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटरच वाढतं. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. आठ दिवसांत नख स्वच्छ करणारा उपाय कुणी सांगितला, तर तो खरा नाही असंच समजावं.

दुसरं म्हणजे, प्रत्येक पिवळं, जाड नख बुरशीचंच असतं असं नाही. मार लागल्याने किंवा सोरायसिसनेही नख तसं दिसतं. म्हणून आधी नखाचा तुकडा तपासून घ्यावा. बुरशी ठरली तर पायाच्या नखासाठी बहुधा तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतात. या गोळ्या यकृताची तपासणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या.

मग बटव्याचं काय? तो फेकायचा नाही, त्याची जागा ओळखायची. पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसाव्यात, नखं सरळ कापावीत, घरात प्रत्येकाचं नेलकटर वेगळं असावं, ओले मोजे-चपला पुन्हा घालू नयेत. निरोगी माणसाने नखावर कडुनिंबाचं तेल लावायला हरकत नाही. पण कच्ची लसूण बांधू नये. आणि मधुमेह असेल, नखाभोवती लाली, सूज किंवा पू दिसला, तर घरी प्रयोग न करता डॉक्टर गाठावा.

आईंच्या नखाच्या मुळाशी आता गुलाबी, स्वच्छ नख दिसू लागलं आहे. रोज संध्याकाळी चष्मा लावून मी त्यांचे पाय बघते. अक्कासुद्धा येऊन बघून जातात आणि म्हणतात, "छलो आत नोड्री!" हे काम आधीच करायला हवं होतं, एवढीच रुखरुख राहिली आहे. तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांचे पाय आज एकदा जरूर पाहा.