दुर्गाबाई कामत : पडद्यावरची पहिली पार्वती

मूकपटातली पहिली स्त्री कोण, असं विचारलं की कमलाबाई गोखल्यांचं नाव येतं. ते रास्तच आहे. पण त्याच चित्रपटात त्यांची आई दुर्गाबाई कामत होत्या, हे मात्र मागे पडतं. आज लिहायचं आहे ते त्या आईबद्दल.

आधी काळ बघा. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) तारामतीचं काम साळुंके या पुरुष नटानं केलं, कारण फाळक्यांनी पुष्कळ खटपट करूनही स्त्री मिळेना. सिनेमात काम म्हणजे कुळाला बट्टा, अशी समजूत! पुढे नाशिकला 'मोहिनी भस्मासुर' काढताना फाळक्यांनी मोहिनी दिली कमलाबाईंना आणि पार्वती दुर्गाबाईंना. मुलगी तेव्हा तेराएक वर्षांची होती.

कथा भस्मासुराची, म्हणजे नाच आणि नजरा मोहिनीकडे. पार्वतीचं काम दुय्यम. आज ज्याला आपण चरित्र भूमिका म्हणतो, तसलंच ते.

मग या दोघीच कशा तयार झाल्या? दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात मूल. त्या काळी एकट्या बाईला पोट भरायला मार्ग किती? धुणीभांडी, नाहीतर त्याहून वाईट. त्यांनी नाटक धरलं. कमलाबाईही लहानपणीच रंगमंचावर उभ्या राहिल्या. ज्यांनी समाजाचे बोल आधीच ऐकून घेतले होते, त्यांना कॅमेऱ्याची भीती ती काय राहणार?

अडचण दुसरीच असावी. नाटकात हुकमी हत्यार म्हणजे आवाज. मूकपटात नेमका तोच गेला. उरले हात, डोळे आणि चालणं. त्यात पौराणिक देवीची पोषाखी ऐट सांभाळायची.

पुढचा वारसा ठाऊकच आहे. कमलाबाईंचे पुत्र चंद्रकांत गोखले, नातू विक्रम गोखले. चार पिढ्या अभिनयात, आणि मूळ दुर्गाबाईंपाशी.

आपल्या सीमाभागात नाटक कंपन्यांचे मुक्काम पडत असत. बेळगाव, धारवाड, हुबळीच्या जुन्या घरांत हस्तपत्रिका, फोटो, हिशेबाच्या वह्या अजून सापडू शकतात. अशा कागदांवर नायकाचं नाव ठळक छापलेलं असतं. माझी विनंती एवढीच की, खालची बारीक अक्षरातली नावंही वाचा नि उतरवून ठेवा. पार्वतीचं काम कोण करीत होतं, ते तिथेच कळेल.