नवाचा ताळा : हिशेबाच्या जुन्या युक्तीवर उभा राहिलेला खेळ

रोजकीर्द आणि खतावणी जुळत नसली की जाणता हिशेबनीस आधी फरकाच्या रकमेला नवाने भागून पाहतो. नवाची ही करामत आमच्या बहुतेक व्यापारी बंधूंच्या कानावर असेल. पण याच करामतीवर जपानमधील एका कंपनीने रहस्यकथा रचली आणि तिचा व्हिडिओ गेम करून परदेशात विकला, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. म्हणून आज त्याची माहिती देत आहोत.

'नऊ तास, नऊ माणसे, नऊ दरवाजे' अशा अर्थाचे नाव असलेला हा खेळ चुनसॉफ्ट कंपनीने तयार केला आणि तो 10 डिसेंबर 2009 रोजी जपानमध्ये बाजारात आला. निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या, दोन पडद्यांच्या यंत्रासाठी तो होता. कथा कोतारो उचिकोशी यांची. नऊ माणसांना पळवून एका जहाजावर कोंडलेले असते आणि जहाज नऊ तासांत बुडणार असते. प्रत्येकाच्या मनगटावर 1 ते 9 पैकी एका आकड्याचे कडे आणि जहाजात आकडे घातलेले दरवाजे.

दरवाजा उघडण्याचा नियम असा : एका वेळी किमान तीन आणि जास्तीत जास्त पाच माणसे आत जाणार. त्यांच्या आकड्यांची बेरीज करायची, आलेल्या संख्येतील अंक पुन्हा मिळवायचे, आणि शेवटी उरलेला एक अंक दरवाज्यावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. उदाहरणार्थ 1, 4 आणि 8 यांची बेरीज 13, आणि 1 व 3 मिळून 4. म्हणजे हे तिघे चार नंबरच्या दरवाज्यातून जातील. कोणाला बरोबर घ्यायचे आणि कोणाला मागे ठेवायचे, हा प्रश्न त्यामुळे हिशेबाचाही होतो आणि माणुसकीचाही. त्यातच या कथेचा जीव आहे.

ही रीत मात्र जपानची नव्हे. दहाव्या शतकात दुसरे आर्यभट यांच्या 'महासिद्धांत' ग्रंथात नवाने ताळा पाहण्याची रीत दिलेली आहे. पुढे इब्न सिना यांनी वर्ग आणि घन तपासण्यासाठी ती सांगितली आणि तिला हिंदुस्थानी रीत म्हटले. अरबी ग्रंथांच्या वाटेने ती युरोपातही पोहोचली.

आमच्या वाचकांना तिचा उपयोग रोजचा आहे. समजा 347 नगांचा भाव 26 रुपये आणि बिल 9022 रुपयांचे. 347 चे अंक मिळवून 14, म्हणजे 5. 26 चे 8. पाच आठे चाळीस, म्हणजे 4. आता 9022 चे अंक मिळवा : 13, म्हणजे 4. ताळा जुळला. न जुळल्यास बिल नक्की चुकलेले समजावे. मात्र जुळला म्हणजे बिल बरोबरच, असे नाही. 9022 ऐवजी 9202 लिहिले तरी अंक तेच राहतात आणि ताळा फसतो.

अशा अदलाबदलीला दुसरी खूण आहे. वहीतील फरक नवाने नि:शेष भागला गेला, तर दोन अंक उलटसुलट पडले असण्याचा संशय धरावा. 540 ऐवजी 450 लिहिले तर फरक 90 येतो. संगणक बेरीज चुकवत नाही हे खरे, पण चुकीची टिपलेली रक्कमही तो निमूटपणे घेतो. उधारीच्या धंद्यात अशी एक नोंद गिऱ्हाइकाचा विश्वास घालवू शकते, आणि तुटलेली साख पुन्हा जोडायला वर्षे लागतात.

आता खेळाच्या धंद्याकडे वळू. उचिकोशी मुख्यतः वाचायच्या कथांचे खेळ लिहीत. कंपनीला अधिक गिऱ्हाईक हवे होते, म्हणून त्यांनी कथेत कोडी गुंफली. तरीही जपानमध्ये माल फारसा उठला नाही. नोव्हेंबर 2010 मध्ये अक्सिस गेम्सने तो इंग्रजीत करून अमेरिकेत आणला, तेव्हा तेथे त्याचे चांगले स्वागत झाले. त्याच बळावर 2012 मध्ये दुसरा भाग निघाला. तोही जपानमध्ये चालला नाही आणि 2014 मध्ये तिसऱ्या भागाचे काम थांबल्याचे जाहीर झाले. चाहत्यांनी मागणी लावून धरली, आणि 2016 मध्ये तिसरा भाग आला. घरच्या पेठेने नाकारलेल्या मालाला दूरच्या गिऱ्हाइकाने तारले ते असे.

पालकांना एक सूचना. या खेळात खून आणि रक्तपात आहे. अमेरिकेत तो सतरा वर्षांवरील खेळाडूंसाठीच ठरवला होता. लहान मुलांच्या हाती तो देऊ नये.

नवाचा ताळा मात्र मुलांना जरूर शिकवावा. त्याला यंत्र लागत नाही आणि दामही पडत नाही. दुकानात बसणाऱ्या मुलाला दिवसाची दहा बिले या रीतीने तपासायला लावा. महिन्याभरात आकड्यांवर त्याची नजर बसेल, आणि गल्ल्याचा हिशेब त्याच्या हाती सोपवताना तुम्हालाही धीर येईल.