अध्ययन निष्पत्ती धोरण
अध्ययन निष्पत्ती धोरण : शिक्षणक्रमाच्या अखेरीस विद्यार्थ्यास काय जाणता व करता यावे, हे आधी शब्दबद्ध करून त्यानुसार अभ्यासक्रम, अध्यापन, मूल्यमापन व प्रमाणपत्रे यांची आखणी करण्याचे धोरण. उद्दिष्टे वर्तनाच्या भाषेत मांडण्याचा विचार राल्फ टायलर (१९४९) व बेंजामिन ब्लूम (१९५६) या अमेरिकन शिक्षणतज्ञांनी रूढ केला. त्यातून हे धोरण पुढे आले.

भारतात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान अध्ययन पातळी निश्चित करण्याची शिफारस केली. आर. एच. दवे समितीने १९९१ मध्ये प्राथमिक इयत्तांसाठी भाषा, गणित व परिसर अभ्यास यांतील क्षमता ठरविल्या. महाराष्ट्राचा १९९५ चा प्राथमिक अभ्यासक्रम याच धर्तीवर क्षमताधिष्ठित होता. शिकणे सुट्या, मोजता येणाऱ्या तुकड्यांत विभागले जाते, हा या पद्धतीतील दोष. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही तिच्यावर टीका केली. तथापि शिक्षणहक्क कायद्याखालील केंद्रीय नियमांत २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन इयत्तावार निष्पत्ती ठरविण्याची तरतूद झाली. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या आरंभी त्या क्रमांकांसह छापल्या जाऊ लागल्या. तत्पूर्वी २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने प्रत्येक मूल वयानुरूप शिकावे, हे ध्येय ठरवून पायाभूत चाचण्या सुरू केल्या होत्या.

निष्पत्ती लिहिणे सोपे. ती साध्य झाली की नाही, हे ठरविणे अवघड. नागपूर जिल्ह्यातील पारशिवनी तालुक्याचा उत्तर भाग पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या वनांनी व्यापलेला आहे. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे मार्गदर्शन जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, पंचायत समितीचा शिक्षण विभाग व केंद्रप्रमुख यांमार्फत अशा तालुक्यातील शाळांत पोहोचते. जेथे दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळतात, तेथे एकाहून अधिक इयत्तांच्या निष्पत्ती एकाच वर्गखोलीत हाताळाव्या लागतात. तीन अंकी संख्यांची बेरीज-वजाबाकी वापरून दैनंदिन व्यवहारातील उदाहरणे सोडविणे, ही तिसरीची एक निष्पत्ती. घरी गोंडी बोलणारे मूल बाजारात सुटे पैसे अचूक मोजून घेत असेल, पण मराठीतील शाब्दिक उदाहरण त्यास उमगत नसेल, तर लेखी चाचणीत त्याच्या नावापुढे ‘अप्राप्त’ अशीच नोंद होईल. वास्तविक अडचण भाषेची असते, गणिताची नव्हे. १३ नोव्हेंबर २०१७ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाने जिल्हावार निष्कर्ष दिले. परंतु ते नमुना-पाहणीवर आधारित असल्याने व नागपूर महानगर त्याच जिल्ह्यात येत असल्याने त्यांवरून वनपट्ट्यातील एखाद्या शाळेची स्थिती कळत नाही. ती तेथील शिक्षकाच्या दैनंदिन निरीक्षणावरूनच कळू शकते आणि धोरणाची खरी कसोटी त्या निरीक्षणासाठी मिळणारा वेळ व प्रशिक्षण ही आहे.

दक्षिण आफ्रिकेत १९९७ मध्ये निष्पत्तिप्रधान अभ्यासक्रम जाहीर झाला; वर्णद्वेषी राजवटीतील विषम शिक्षण मोडून काढणे हा त्याचा हेतू होता. परंतु क्लिष्ट परिभाषा, अपुरी शिक्षकतयारी आणि पाठ्यसाहित्याची उणीव यांमुळे सुस्थित शाळांनाच तो पेलला. २००० मध्ये त्याचे परीक्षण होऊन तो सुधारण्यात आला व पुढे ती पद्धतीच मागे पडली.

व्यवसाय प्रशिक्षणात निष्पत्ती अधिक सहज पडताळता येते, कारण सांधा नीट जुळला की नाही, हे डोळ्यांना दिसते. भारतात डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात दहा स्तर होते. २०२३ च्या सुधारित आराखड्यात ते आठ झाले. औपचारिक शिक्षण न घेतलेल्या गवंड्यास वा सुतारास पूर्वप्राप्त कौशल्याची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविण्याची सोयही या व्यवस्थेत आहे.