बंदराच्या सहलीची आखणी

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतून गोदावरी, मांजरा, तेरणा अशा नद्या वाहतात. समुद्र मात्र येथून फार दूर आहे. आपल्याकडील पुष्कळ मुलांनी तो केवळ नकाशात पाहिलेला असतो. अशा मुलांची सहल एखाद्या पुरातन बंदराला जावयाची असेल, तर तिची आखणी कशी करावी? उदाहरणादाखल रायगड जिल्ह्यातील चौल-रेवदंडा हे ठिकाण घेऊ.

आखणीचा आरंभ आपल्या परिसरापासून करावा. धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर नावाचे गाव आहे. त्याचे प्राचीन नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ‘पेरिप्लस’ नावाचा एक ग्रंथ ग्रीक भाषेत लिहिला गेला. तगरचे कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला नेले जात असे, अशी नोंद त्यात आहे. कोकणच्या किनाऱ्यावरील व्यापारी गावांची नावे देताना त्याच ग्रंथात चौलचाही उल्लेख येतो. तेव्हा सहलीपूर्वी तेरचे वस्तुसंग्रहालय पाहून यावे. आपल्या भागातला माल इतक्या दूर समुद्राकडे का जात होता आणि समुद्राकडून आपल्याकडे काय येत होते, हे दोन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा रशियापर्यंत पोचतो. व्होल्गा नदीच्या काठावरील त्वेर शहरातून अफानासी निकितीन नावाचा व्यापारी निघाला आणि १४७० च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला. त्याने विक्रीसाठी एक घोडा बरोबर आणला होता. कारण दख्खनच्या सुलतानांना चांगले घोडे समुद्रापलीकडून मागवावे लागत. चौलहून तो जुन्नरला आणि पुढे बहामनी राज्याची राजधानी असलेल्या बीदरला गेला. बीदर जिल्ह्याची सीमा आज नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांना भिडलेली आहे. म्हणजे समुद्रावरून आलेला तो प्रवासी आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोचला होता! रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे.

आता काय पाहावयाचे, ते ठरवू. कुंडलिका नदी समुद्राला मिळते, तेथे खाडीच्या एका बाजूस रेवदंड्याचा कोट आणि दुसऱ्या बाजूस कोर्लईचा किल्ला आहे. १५०८ साली याच खाडीत पोर्तुगीज आरमाराची इजिप्त आणि गुजरात यांच्या आरमारांशी लढाई झाली. पुढे पोर्तुगीजांनी येथे तटबंदी उभारली. १७४० साली हे ठाणे मराठ्यांच्या हाती आले. कोटाच्या आत आज नारळी-पोफळीच्या बागा असून त्यांतून सातखणी नावाचा एक उंच, पडका मनोरा दिसतो. कोर्लई गावात काही कुटुंबे अजून पोर्तुगीज भाषेपासून घडलेली एक वेगळी बोली बोलतात. ज्याला यातले काहीच ठाऊक नाही, त्याला तेथे पडक्या भिंती दिसतील. ज्याने आधी वाचले आहे, त्याला गजबजलेले बंदर दिसेल.

सहलीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. तेव्हा तिकडे जाऊ नये. पुण्यापर्यंत जाऊन तेथून खोपोली, पेण या मार्गाने अलिबागला पोचता येते. चौल आणि रेवदंडा अलिबागच्या दक्षिणेस आहेत. प्रवास लांबचा असल्यामुळे किमान तीन-चार दिवस हाताशी ठेवावेत.

अलिबागला जायचे म्हणजे कुलाबा किल्ला पाहावयाचाच. शिवाजी महाराजांच्या काळात बांधावयास घेतलेला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांचे ठाणे झालेला हा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीच्या वेळी तेथे चालत जाता येते. भरतीच्या वेळी मात्र तीच वाट पाण्याखाली जाते. समुद्राचे वेळापत्रक आपल्या सोयीने बदलत नाही. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. या किनाऱ्यावर तिथीवरून भरतीचा अंदाज बांधण्याची एक जुनी रीत आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो अंक येईल, त्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थीचा अंक चार; त्याची पाऊणपट तीन. म्हणून चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती आणि सुमारे सहा तासांच्या अंतराने, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास, ओहोटी. दिनदर्शिका घेऊन हे गणित वर्गातच करून पाहावे. तथापि हा केवळ अंदाज होय. प्रत्यक्ष जाण्यापूर्वी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहावे, तेथील कोळी बांधवांना विचारावे आणि पाणी चढू लागण्यापूर्वी परत फिरावे. पोहता येते या भरवशावर येथे धाडस करणे जिवावर बेतू शकते.

शेवटची गोष्ट खर्चाची. वर्गात कोणाचे वडील शेतमजूर असतात, कोणाचे दुकानदार. सर्व रक्कम एकदम मागितली, तर काही मुले ‘मला यायचे नाही’ असे खोटेच सांगतात आणि मागे राहतात. यासाठी चार-सहा महिने आधीपासून थोडी थोडी रक्कम जमवावी, स्वयंपाकाचे सामान बरोबर न्यावे आणि शालेय सहलीसाठी एस.टी.च्या भाड्यात मिळणाऱ्या सवलतीची चौकशी करावी. औषधांची पेटी, हजेरी, हिशेब, पिण्याचे पाणी अशी कामे मुलांनीच वाटून घ्यावीत. एकही मुलगा किंवा मुलगी पैशांवाचून मागे राहिली, तर आखणी अपुरी राहिली असे समजावे.

परतल्यावर वहीचे पहिले पान उघडावे आणि त्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहावीत. तगरच्या गाड्या ज्या समुद्राच्या ओढीने निघत, तो समुद्र आपण कसा पाहिला, हे त्या उत्तरांवरून कळेल.